कॅसेट नंबर एकतीस

पौड
१७ सप्टेंबर २०२४

अनिसभाई,

सलाम. लिहायची इच्छा नव्हती, पण अम्मीने लावलेली सवय आहे, हात आपोआप लिहितो.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मला बंद केलंयस. ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर ते तुझ्याआधी कुलसचिव जुईली मॅडम वाचतील. म्हणून कागद घेतला. पाकीट तुझ्या जांबे गावातल्या फ्लॅटवर जस्मीनभाभीच्या नावाने पाठवतेय, म्हणजे फाडायच्या आधी निदान कुणीतरी उघडेल.

परवा विद्यापीठाच्या रौप्यमहोत्सवात तू स्टेजच्या कडेला उभा होतास. नवा कोट, गळ्यात 'उपसंचालक, प्रसिद्धी' असं ओळखपत्र. मी मागे, प्रोजेक्टरच्या खोलीत. तू केलेली फिल्म मी तिथल्या काचेतून पाहिली. 'मुळाकाठ विद्यापीठ : पंचवीस वर्षांची ज्ञानयात्रा.' निम्म्याहून जास्त दृश्यं अब्बांच्या कॅमेऱ्यातली होती. शेवटी नावं आली त्यात ड्रोनवाल्याचं नाव होतं, बासरीवाल्याचं होतं, जेवण पुरवणाऱ्याचंसुद्धा होतं. जैनुद्दीन हे नाव कुठेच नव्हतं. अब्बा दुसऱ्या रांगेत चष्मा पुसत बसले होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, अक्षरं फार बारीक होती, दिसली नसतील.

पण मी त्यासाठी लिहीत नाहीये.

मी लिहितेय त्या नऊ सेकंदांसाठी. बाजीबाबा हात जोडून उभे आहेत, समोर विद्यापीठाचे संस्थापक जनार्दनराव, मागे लोक. वर तुझ्या भाड्याच्या आवाजात वाक्य, की ग्रामस्थांनी कृतज्ञतेने हात जोडून ज्ञानमंदिराला भूमी अर्पण केली. आणि खाली बासरी.

कृतज्ञतेने? तुला ते हात कशासाठी जोडले होते ते माहीत आहे. मी अर्काइव्हच्या तळघरात एकतीस नंबरची कॅसेट मशीनला लावली तेव्हा तू माझ्या मागे उभं राहून ती पूर्ण ऐकलीस. तरी विसरला असशील तर पुन्हा लिहिते. नव्व्याण्णव साल, रिह्याच्या खोऱ्यातली धनगरवस्ती, बिरोबाच्या देवळात गावची बैठक. जनार्दनरावांना विद्यापीठासाठी माळ हवा होता. बाजीबाबांची पाच एकर माळाच्या मधोमध होती. ते म्हणाले, जमीन देतो, पण हात जोडून सांगतो, वस्तीवरून ओढ्यावर जायची आमची वाट सोडा. मेंढरं तिथंच पाणी पितात, आजोबाच्या काळापासून. आणि जनार्दनराव म्हणाले, "बाजी, ही वाट तुमचीच. उद्या विद्यापीठ उठेल, पण वाट उठणार नाही." हे सगळं अब्बांच्या कॅमेऱ्यात होतं, आवाजासकट. आवाज तू काढलास. बासरी तू घातलीस.

आज त्या वाटेवर दहा फुटी भिंत आहे. मेंढरं चार किलोमीटर वळसा घालून डांबरी रस्त्याने जातात, सिमेंटच्या गाड्यांच्या मधून. जुलैमध्ये त्याच वळणावर बाजीबाबांचा मुलगा बिरदेव गाडीखाली आला. सतरा मेंढरं गेली, त्याच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. महिन्याने त्याच्या मुलीने, राजनंदिनीने, वाट मोकळी करून मिळावी म्हणून तहसीलदारांकडे अर्ज दिला. विद्यापीठाने उत्तरात लिहिलं की अशी वाट कधीच नव्हती. आणि हे चालू असताना तुम्ही बाजीबाबांच्या मागे राहिलेल्या बायकोला, बयाबाईंना, स्टेजवर बोलावून शाल घातलीत. जमीनदात्यांचा सत्कार.

फिल्म संपल्यावर निवेदिकेने त्यांच्यासमोर माइक धरला, दोन शब्द बोला आजी. आठवतंय काय बोलल्या?

"त्यांनी हात वाटंसाठी जोडल्यालं. मी तितंच हुते. त्यांचं बोलणं कुटं गेलं?"

निवेदिका हसून म्हणाली, आजी भावुक झाल्यात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू साउंडवाल्याला हाताने खूण केलीस. माइक बंद झाला, बयाबाईंचे ओठ हलत राहिले. नवऱ्याचा आवाज काढलास तो काढलास, वर बायकोचाही बंद केलास. एका दिवसात दोघांचा.

अर्काइव्हच्या यादीत आता एकतीस नंबरपुढे 'खराब, चित्र नाही, नष्ट केली' असं लिहिलंय. संगणकावरची प्रतही नाही. कॅसेट तुझ्याकडे आहे. ती परत दे.

समरीन


पौड
६ ऑक्टोबर २०२४

अनिसभाई,

तू उत्तर दिलं नाहीस, पण जस्मीनभाभीला फोन करायला लावलास. म्हणजे पत्र वाचलंस. भाभी बिचारी वाक्यं पाठ करून बोलत होती. ते म्हणतात कॅसेट खरंच खराब होती. ते म्हणतात यादीत तसं लिहिलंय. आणि शेवटी, चाचरत, "ते म्हणतात, यादी कुणाच्या अक्षरात आहे ते समरीनला विचार."

बरं. विचारायची गरज नाही. मीच सांगते.

माझ्या अक्षरात आहे. मागच्या पत्रात मी 'लिहिलंय' असं लिहिलं, कुणी ते लिहिलं नाही. तू ते बरोबर पकडलंस. लहानपणी माझ्या वहीतल्या चुकाही तूच शोधायचास.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. राजनंदिनीच्या अर्जाची नोटीस विद्यापीठात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू खाली तळघरात आलास, माझ्या खुर्चीवर बसलास, यादी उघडलीस. मला म्हणालास, एवढी एक ओळ बदल. मी विचारलं का. म्हणालास, वरून आलंय, आणि तुझा अकरा महिन्यांचा करार जानेवारीत संपतोय, या वेळी कायम करायचं मी मॅडमशी बोललोय. ही दोन वाक्यं तू एका श्वासात बोललास, मधे थांबलाही नाहीस. मी जुनी ओळ खोडली. ती ओळ मीच फेब्रुवारीत लिहिली होती : 'देवळातील बैठक, ४२ मिनिटे, चित्र व आवाज उत्तम.' तिच्या जागी 'खराब' लिहिलं. सही केली. कॅसेट तू खिशात घातलीस, माझ्यासमोर संगणकावरची फाइल काढलीस, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवलास.

त्या हाताचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी तुला शिव्या घालत लिहिते तेव्हा अर्ध्या मलाच असतात, हे तुला कळत असेल. दोनशे चौदा कॅसेटा मी त्या तळघरात साफ केल्या. बुरशी काढली, तुटलेल्या फिती जोडल्या. अब्बांची बारा वर्षांची मेहनत होती ती. पहिली पायाभरणी, पहिली मेस, पहिल्या बॅचच्या सात पोरी पावसात छत्र्या धरून उभ्या. एकेक कॅसेट वाचली की मी घरी येऊन अब्बांना सांगायचे, ते म्हणायचे, त्या दिवशी बॅटरी संपली होती, शेवटची दहा मिनिटं नसतील बघ. आणि खरंच नसायची. असा माणूस, जो पंचवीस वर्षं एक शॉट विसरला नाही, त्याच्या चांगल्या कॅसेटवर मी 'खराब' लिहिलं.

काल मी वस्तीवर गेले होते. बयाबाईंना सांगितलं, यादीत खोटं मी लिहिलंय. त्या मेथी निवडत होत्या. बराच वेळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आता खरं लिव्ह की."

राजनंदिनी आत अभ्यास करत होती. ती बाहेर आली नाही. मला पाणीसुद्धा दिलं नाही तिने, आणि तिचं बरोबर होतं.

कॅसेट परत दे. तहसीलमध्ये तारीख डिसेंबरात आहे. तू दिलीस तर मी तुझं नाव घेणार नाही, यादीचा दोष सगळा माझ्यावर घेईन. नाही दिलीस तर मला काय करावं लागेल ते मलाच अजून नीट माहीत नाही.

समरीन


पौड
१२ डिसेंबर २०२४

अनिसभाई,

कॅसेट आली नाही. तूही आला नाहीस. तहसील कचेरी आपल्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. तुझ्या मोटारीतून उतरताना तुला अब्बांचं बंद पडलेलं 'रोशनी व्हिडिओ'चं शटर दिसलं असतं, म्हणून नसशील आला.

काय झालं ते तुला वकिलाने सांगितलं असेलच. पण वकील फक्त आपल्या बाजूचं सांगतात.

मी अब्बांना आधी म्हटलं, तुम्ही बोला. शूटिंग तुम्ही केलंय. अब्बा नाही म्हणाले. मी तीन दिवस त्यांच्या मागे लागले. चौथ्या दिवशी ते ताटावरून उठले आणि म्हणाले, मी तोंड उघडलं तर सगळं अनिसवर येईल, मला हे सांगायला लावू नको. असं बघ. ज्याने त्यांचं नाव फिल्मवर घालायची लाज बाळगली त्याच्यासाठी ते जेवण टाकून उठले.

म्हणून मी एकटी गेले. कुबडीवर बिरदेव, बयाबाई, राजनंदिनी आणि मी. तुमच्या बाजूला चार माणसं होती, चौघांच्या हातात फाइली.

तुमच्या वकिलाने यादी पुढे केली आणि विचारलं, ही सही तुमची ना? मी हो म्हटलं. म्हणजे कॅसेट खराब होती असं तुम्हीच प्रमाणित केलंत? मी म्हटलं, हो, आणि ते खोटं आहे. कॅसेट चांगली होती, मी ती पूर्ण ऐकली. मग बैठकीत कोण काय बोललं ते सगळं सांगितलं. तो हसला नाही, रागावला नाही. नुसतं विचारलं, खोटं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?

तहसीलदार मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, तुझं नाव घेताना मला बरं वाटेल. तीन महिने तेच वाक्य मनात घोळवत होते. प्रत्यक्षात तसं वाटलं नाही.

"माझ्या सख्ख्या भावाने," मी म्हटलं. "अनिस जैनुद्दीन."

कारकुनाने ते टाइप केलं. आवाज आला बोटांचा.

मग मॅडम स्वतः जागा पाहायला आल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुरांनी झिजलेला उतार अजून दिसतो. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांचे जबाब झाले. निकाल काल लागला. वाट वहिवाटीची आहे, भिंत बारा फूट रुंदीत पाडून ती मोकळी करा.

माझा करार संपवल्याचा कागद त्याच दुपारी आला. जुईली मॅडमची सही, खाली 'प्रत : उपसंचालक, प्रसिद्धी'. ती प्रत तुझ्या टेबलावर पोचली असेल. कुठल्या फाइलीत लावलीस?

समरीन


पौड
३ फेब्रुवारी २०२५

अनिस,

आता भाई लिहिणार नाही.

विद्यापीठाने प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागितली, निकालाला स्थगिती मिळवली, भिंत आहे तिथे आहे. ते होणार हे मला माहीत होतं. मोठ्या संस्था एका निकालाने वाकत नाहीत. पण त्यासोबत तुझं प्रतिज्ञापत्र जोडलं असेल असं वाटलं नव्हतं. आमच्या वकिलांनी आज त्याची प्रत दिली. मी ती एसटीच्या थांब्यावर उभ्याने वाचली. गाडी आली आणि गेली.

तू लिहिलंयस की देवळातल्या बैठकीचं चित्रण झालंच नव्हतं. फिल्ममधले नऊ सेकंद भूमिपूजनाच्या दिवशीचे आहेत, बाजीबाबा तेव्हा आभार मानत होते. तू लिहिलंयस की तुझी बहीण नोकरी गेल्याने सूडबुद्धीने बोलते. अरे, मी बोलले तेव्हा माझी नोकरी होती. बोलले म्हणून गेली. तारखा तरी नीट लावायच्या होत्यास.

हे सगळं मी गिळलं असतं. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिही, मी तुझ्याबद्दल पत्रात आणि कचेरीत दोन्हीकडे बोललेय. पण परिच्छेद सात. 'माझे वडील जैनुद्दीन हे व्यवसायाने लग्नसमारंभाचे चित्रण करीत. एका कॅसेटवर पुन्हा दुसरे चित्रण करणे ही त्यांची नेहमीची सवय होती. सध्या वार्धक्यामुळे त्यांची स्मरणशक्ती भरवशाची राहिलेली नाही.'

अब्बांनी विद्यापीठाची एकही कॅसेट कधी पुसली नाही. समारंभाच्या कॅसेटा पुसल्या, त्याही आपल्या घरच्याच. तुझ्या सुन्नतीची पुसली, कारण दुसऱ्या दिवशी कुलगुरू येणार होते आणि नवी कॅसेट पौडात मिळाली नाही. अम्मी आठवडाभर बोलली नव्हती त्यांच्याशी. हे तुला माहीत आहे. हे माहीत असून लिहिलंस.

मी ती प्रत लपवणार होते. पण अब्बांनी विचारलं, काय आलंय? माझ्या चेहऱ्यावर असेल काहीतरी. मी म्हटलं, तारीख आलीय. त्यांनी हात पुढे केला. चष्मा लावून सगळं वाचलं, ओळीवर बोट ठेवत, सवयीप्रमाणे. सातव्या परिच्छेदावर बोट थांबलं. मग पुढे सरकलं. शेवटपर्यंत वाचलं, तुझी सही पाहिली, कागद घडी करून मला दिला.

मला वाटलं रडतील. नाही रडले. विचारलं, "प्रांतांसमोर तारीख कधी आहे?"

मी सांगितलं, एप्रिलची सोळा.

म्हणाले, "त्याला लिही, मी येतोय."

म्हणून हे पत्र.

समरीन


पौड
१८ एप्रिल २०२५

अनिस,

ईदला तू आला नाहीस. शीरखुर्मा अब्बांनी तुझ्या नावाचा काढून ठेवला होता, संध्याकाळी मी शेजारी देऊन टाकला. परवाही तू आला नाहीस, नुसता कागद पाठवलास. म्हणून काय झालं ते सांगते. वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

अब्बांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. जिन्यावर दोनदा बसले. बयाबाई त्यांच्याआधी पोचल्या होत्या, त्यांनी सरकून बाकावर जागा केली.

तुमच्या वकिलाने अब्बांना सुरुवातीलाच आजची तारीख विचारली. मग वार. मग पंतप्रधानांचं नाव. डॉक्टर वेड्यांना विचारतात तसं. मी उठले, आमच्या वकिलांनी मला हात धरून बसवलं. अब्बांनी मात्र तिन्ही उत्तरं शांतपणे दिली. मग म्हणाले, साहेब, मला एवढंच विचारायचं असेल तर मी जातो, पण त्याआधी ती फिल्म एकदा लावा.

प्रांतसाहेबांनी लावायला सांगितली. विद्यापीठाच्याच लॅपटॉपवर. बाजीबाबा आले, हात जोडले, बासरी सुरू झाली. अब्बा म्हणाले, थांबवा. उठून पडद्याजवळ गेले.

"हा शॉट मी लावलाय," ते म्हणाले. "बाजीच्या मागे हा लाकडी खांब दिसतोय, त्याला पितळी घंटा आहे. हा बिरोबाच्या देवळाचा खांब आहे. भूमिपूजन खाली माळावर झालं. माळावर देऊळ नाही, झाडसुद्धा नव्हतं. भूमिपूजनाला बाजी आलेला नव्हता, मेंढरं घेऊन घाटाखाली गेला होता. ती कॅसेट बत्तीस नंबरची. तीही विद्यापीठातच आहे, मागवून बघा."

तुमचा वकील लगेच म्हणाला, चित्रात आवाज नाही, मग बाजी काय बोलले हे कशावरून? अब्बा त्याच्याकडे वळले. म्हणाले, आवाज होता. कॅमेऱ्याला माइक मी लावला होता, आणि हेडफोन माझ्या कानाला होता. त्या देवळात बाजीचा शब्द माझ्याइतका जवळून कुणी ऐकला नाही. मग त्यांनी तो सगळा सांगितला. वाट, ओढा, आजोबाचा काळ, जनार्दनरावांचं उत्तर. मी कॅसेटवर ऐकलं होतं त्यात आणि यात एका शब्दाचा फरक नव्हता. बयाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मधेच एकदा "व्हय" म्हणाल्या, कुणाला नाही, स्वतःशीच.

मला वाटत होतं, आता अब्बा परिच्छेद सातबद्दल बोलतील. सगळ्यांसमोर तुझं काय ते करतील. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू. प्रांतसाहेबांनीच विचारलं, की तुमच्या मुलाने शपथेवर वेगळं लिहिलंय, त्याचं काय?

अब्बा म्हणाले, "ते खोटं आहे. त्याने कॅसेट ऐकली आहे, मुलीने मला तेव्हाच सांगितलं होतं. पोराला वाटलं असेल, मोठ्या लोकांचं काम आहे, नाही कसं म्हणावं. मीही त्यांचं काम करताना कधी नाही म्हटलं नाही."

निकाल तिथेच दिला. स्थगिती उठली, तहसीलदारांचा आदेश कायम, वाट आठ दिवसांत मोकळी करायची. बाहेर व्हरांड्यात राजनंदिनी माझ्याजवळ आली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मी प्यायले.

विद्यापीठाने तुला निलंबित केलं हे आज जस्मीनभाभीकडून कळलं. 'वैयक्तिक पातळीवर अर्काइव्हमध्ये फेरफार.' म्हणजे वरून काहीच आलं नव्हतं, जुईली मॅडमना काही माहीत नव्हतं, जनार्दनराव कधी देवळात गेलेच नव्हते, सगळं एकट्या अनिसने केलं. तुझ्या अंगावर टाकून मोकळे झाले. त्यांचा मला राग आहे. तुझाही आहे, आणि त्यांच्यामुळे तुझा कमी होत नाही. तुझी दया येईल असं भाभीला वाटलं असेल. आली नाही.

एक राहिलं. जबाब टाइप झाला, वाचून दाखवला, अब्बांनी सहीसाठी पेन घेतलं आणि थांबले. कारकुनाला म्हणाले, शेवटी एक ओळ वाढवा. त्याने विचारलं काय.

"अनिस हा मुलगा माझाच आहे, हेही लिहा."

कारकून म्हणाला, बाबा, याची इथे काही गरज नाही. अब्बा म्हणाले, आहे. तो प्रांतसाहेबांकडे बघू लागला. साहेबांनी मान हलवली, मग त्याने ते टाइप केलं, आणि अब्बांनी त्याच्या खाली सही केली.

जबाबाची प्रत सोबत पाठवतेय. माझ्या हातात असतं तर मी ती ओळ खोडली असती.

समरीन